पुरुषावर बलात्कार होतो. आपल्या कायद्यात मात्र होत नाही

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड हे माझे नेहमीचे विषय. आजचा विषय फौजदारी कायद्याचा आहे, आणि मी वकील नाही. तरीही लिहितो आहे, कारण हा प्रश्न शेवटी डॉक्टरच्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसतो. फक्त तो स्वतःच्या खऱ्या नावाने येत नाही.

तो ‘मूळव्याध झालीय बहुतेक’ म्हणून येतो. ‘संडासला बसताना फार दुखतं’ म्हणून येतो. कधी ‘झोपेची गोळी द्या’, कधी ‘एचआयव्हीची टेस्ट करायची आहे, सहजच’, कधी लग्न ठरल्यावर ‘मला जमेल का हो डॉक्टर?’ म्हणून येतो. विशीतला किंवा तिशीतला पुरुष, एकटा आलेला, शक्यतो ओपीडी संपता संपता. दार नीट लागलं आहे ना हे दोनदा बघतो. पंचवीसएक वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे पेशंट प्रत्येक फिजिशियनने, सर्जनने, त्वचारोगतज्ज्ञाने पाहिलेले असतात. त्यातल्या काहींवर जबरदस्ती झालेली असते. हॉस्टेलवर, कामाच्या साईटवरच्या खोलीत, कोठडीत, ट्रकच्या केबिनमध्ये, ओळखीच्या माणसाच्या घरी. ते सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही.

बाईवर अत्याचार झाला तर निदान शब्द तरी तोंडात येतो. पुरुषाच्या बाबतीत मराठीत आपण काय म्हणतो? ‘चेष्टा केली’, ‘रॅगिंग झालं’, ‘लफडं झालं’. बलात्कार हा शब्द कोणी वापरत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून आपल्या फौजदारी कायद्यानेही त्याला द्यायचे नाव काढून टाकले आहे.

त्या दिवशी 1860 चे भारतीय दंड विधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात कलम 377 होते. ते वाईट कलम होते, यात मला शंका नाही. ‘निसर्गनियमाविरुद्ध’ संभोग अशी त्याची भाषा, आणि त्याचा वापर वर्षानुवर्षे समलिंगी माणसांना धमकावण्यासाठी, पैसे उकळण्यासाठी झाला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीने झालेला संबंध गुन्हा नाही. पण त्याच निकालाने एक गोष्ट मुद्दाम शिल्लक ठेवली: संमतीशिवाय केलेले कृत्य 377 खाली गुन्हाच राहील. म्हणजे 2018 ते 2024 या काळात प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी एक कलम होते, आणि त्याला शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती.

नवी संहिता लिहिताना ते कलम सबंधच्या सबंध वगळले गेले. त्याच्या जागी काहीही घातले नाही. बलात्काराची व्याख्या कलम 63 मध्ये आहे आणि ती ‘पुरुषाने स्त्रीवर’ अशीच सुरू होते. विनयभंग, लैंगिक छळ, विवस्त्र करणे, चोरून चित्रण, पाठलाग ही पुढची 74 ते 78 कलमेही स्त्री पीडितेसाठीच आहेत. ती असायलाच हवीत, त्यातला एक शब्दही कमी होऊ नये. पण प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचाराला या संहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून कुठेही जागा नाही.

मग पोलीस ठाण्यात काय होते? ठाणे अंमलदार भला असला तर तो हाताशी असलेली कलमे लावतो. दुखापत केली म्हणून 115, अडवले म्हणून 126, कोंडून ठेवले म्हणून 127, धमकी दिली म्हणून 351. आता साध्या दुखापतीचे कलम 115(2) बघा. कमाल शिक्षा एक वर्ष, जामीनपात्र आणि अदखलपात्र. ‘एनसी’ म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगायला नको. शेजाऱ्याशी नळावरून भांडण झाले की जी नोंदवतात ती. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. गंभीर दुखापतीचे कलम 117 मोठे आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यासाठी हाड मोडलेले हवे, डोळा-कान गेलेला हवा, किंवा पंधरा दिवस असह्य वेदना अथवा रोजचे काम न जमणे सिद्ध व्हायला हवे. बलात्काराची जखम अशा मापात बसत नाही. ती बहुतेक वेळा दिसतच नाही. त्याकडे मी पुढे येतो.

विसंगती किती टोकाच्या आहेत ते पाहा. संहितेचे कलम 38 सांगते की कोणी ‘अनैसर्गिक वासना’ शमवण्याच्या हेतूने तुमच्यावर हल्ला केला तर स्वसंरक्षणात तुमच्या हातून हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा नाही. कलम 140(4) सांगते की तशा वासनेसाठी एखाद्याला पळवून नेले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे हल्ला होत असताना कायदा तुम्हाला जीव घेण्याची मुभा देतो. त्यासाठी पळवून नेणे हा मोठा गुन्हा मानतो. आणि तुम्ही प्रतिकार करू शकला नाहीत, ते कृत्य पूर्ण झाले, की त्या कृत्याला त्याच पुस्तकात कलम नाही. जुन्या कायद्यातली ही दोन वाक्ये उचलताना ज्या मुख्य कलमाकडे ती बोट दाखवत होती तेच गायब झाले. हे कोणी विचार करून केले असेल असे मला वाटत नाही. पण विचार न करणे हीच तर तक्रार आहे.

दुसरी विसंगती मला डॉक्टर म्हणून जास्त टोचते. 2012 चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलावर असा अत्याचार झाला तर किमान दहा वर्षे शिक्षा, विशेष न्यायालय, ओळख गुप्त, डॉक्टरला कळवण्याचे बंधन, सगळे आहे. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तेच घडले तर एनसी. शरीर तेच, जखम तीच, कदाचित करणाराही तोच. तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला तर 2019 च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा आहे. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे, तृतीयपंथीयावरच्या अत्याचाराला जास्तीत जास्त दोन, आणि पुरुषाबाबत मौन. वेदनेची ही रेटकार्डे कोणत्या वैद्यकशास्त्रातून आली?

कोणी म्हणेल, हे लक्षातच आले नसेल. तसे नाही. विधी आयोगाने 2000 साली आपल्या 172 व्या अहवालात बलात्काराऐवजी ‘लैंगिक हल्ला’ असा सर्व पीडितांना लागू होणारा गुन्हा सुचवला होता. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये पीडित कोणीही असू शकतो हे मान्य करण्याची शिफारस केली. त्यानंतर आलेल्या वटहुकुमात भाषा सर्वांसाठी समान होती. एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा ती पुन्हा फक्त स्त्रीपुरती झाली. 2019 मध्ये के. टी. एस. तुलसी यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, नवी संहिता मंजूर होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीने स्पष्ट लिहून दिले की संमतीशिवाय केलेल्या कृत्यांपुरते 377 ठेवा, नाहीतर पुरुष आणि तृतीयपंथीयांना संरक्षण उरणार नाही. समितीने सांगितले, सरकारने वाचले, आणि कलम वगळले. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला ही पोकळी भरण्याबाबत, शक्यतो सहा महिन्यांत, निर्णय घ्यायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालय म्हणाले की नवा गुन्हा निर्माण करणे हे संसदेचे काम आहे. ते बरोबरच आहे. संसद मात्र ते काम करत नाही.

‘करतील हो सावकाश’ असे म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेचे कलम 20(1) आठवावे. ज्या दिवशी कृत्य घडले त्या दिवशी ते गुन्हा नसेल, तर नंतर केलेल्या कायद्याने त्याची शिक्षा देता येत नाही. उद्या दुरुस्ती झाली तरी 1 जुलै 2024 पासून त्या दिवसापर्यंत ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांना ती दुरुस्ती कधीच उपयोगी पडणार नाही. तक्रार करायला त्यांनी दहा वर्षांनी धीर गोळा केला तरीही नाही. प्रत्येक अधिवेशनाबरोबर अशा माणसांची संख्या वाढते आहे.

आता माझ्या विषयाकडे. या प्रश्नावर चार लोकांत बोला, तीन आक्षेप हमखास येतात. पहिला: ‘पुरुषावर जबरदस्ती कशी होईल? त्याला दोन लगावता येत नाहीत?’ भीतीच्या क्षणी शरीर लढते किंवा पळते एवढेच आपण शाळेत शिकतो. तिसरी प्रतिक्रिया असते गोठून जाण्याची. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, डोळे उघडे असून माणूस तिथे नसल्यासारखा होतो. हे मेंदूच्या खालच्या थरातून घडते, त्याला हिंमतीचा, स्नायूंचा, जिमचा संबंध नाही. शिवाय समोर चारजण असतील, वरिष्ठ असेल, हातात पगार किंवा हॉस्टेलची खोली असेल, तर पैलवानही गप्प बसतो.

दुसरा आक्षेप कुजबुजत येतो, आणि सगळ्यात जास्त छळ त्याचाच होतो: ‘त्याचं लिंग ताठरलं होतं, वीर्यही आलं, म्हणजे त्याला हवं होतं.’ खुद्द पीडित वर्षानुवर्षे याच विचाराने कुढत असतो. म्हणून नीट सांगतो. लिंगाला ताठरता दोन मार्गांनी येते. एक मेंदूतून, म्हणजे इच्छेतून. दुसरी निव्वळ स्पर्शाने, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या भागातून. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो त्या जातीची. मणक्याला मार लागून कमरेखालची जाणीव गेलेल्या पेशंटमध्येही ही दुसरी प्रतिक्रिया शिल्लक असू शकते. गुदमार्गातून प्रोस्टेट ग्रंथीवर दाब आला की वीर्यस्खलन होऊ शकते, तेही इच्छेविना. तीव्र भीतीतही ताठरता येऊ शकते. गुदगुल्या केल्यावर हसू येते म्हणून कोणी गुदगुल्यांना संमती दिली असे होत नाही. शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे होकार नव्हे. हे वाचणाऱ्यांपैकी ज्याला कोणाला ते स्वतःसाठी ऐकायची गरज असेल, त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तिसरा आक्षेप: ‘तपासणीत काही सापडलं नाही.’ गुदद्वाराचा स्नायू ताणला जाणारा आहे. आतल्या अस्तराच्या बारीक चिरा काही दिवसांत भरून येतात. पेशंट येतो तो आठवड्याने, महिन्याने, किंवा दहा वर्षांनी. जखम न सापडणे याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही, हे स्त्रियांच्या बाबतीत न्यायालयांनी अनेकदा मान्य केले आहे. पुरुषासाठीही तेच शास्त्र लागू पडते. पण ‘गंभीर दुखापत’ शोधणाऱ्या कलमाखाली खटला चालवायचा तर जखम दाखवावीच लागणार, आणि इथे कायदा आणि शरीररचना एकमेकांच्या विरोधात उभे राहतात.

उपचारांवरही याचा थेट परिणाम होतो. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला आणि पॉक्सोमधील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ मोफत उपचार करावेत असे बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे. टाळाटाळ केली तर रुग्णालय चालवणाऱ्यालाच शिक्षा आहे. लैंगिक अत्याचार झालेला प्रौढ पुरुष त्या यादीत नाही. आपल्या राज्याची मनोधैर्य योजना महिला आणि बालकांसाठी आहे. ‘सखी’ केंद्र महिलांसाठी. या योजना चांगल्याच आहेत, आणि त्यांच्यावर आधीच ताण आहे. पण पुरुषाला विचारणारी एकही खिडकी नसावी? वैद्यकीयदृष्ट्या त्याला घाई कमी नसते. एचआयव्हीचा धोका गुदमार्गातून सर्वाधिक: बाधित व्यक्तीबरोबरच्या दर 10 हजार संबंधांत सुमारे 138, तर योनीमार्गातून स्त्रीला सुमारे 8. जबरदस्तीत चिरा पडल्या तर आणखी जास्त.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशी थोडे बोलायचे आहे. पुरुष पीडितांचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फौज धावून येते. त्यांना पीडित पुरुषाशी घेणेदेणे नसते; तो त्यांना बायकांच्या कायद्यांवर फेकायला दगड म्हणून हवा असतो. ‘आता बघा, पुरुषच खरे पीडित.’ नाही. लैंगिक हिंसेचा फार मोठा वाटा स्त्रियांच्या वाट्याला येतो, आणि पुरुषांवर असा अत्याचार करणारे बहुतेक वेळा पुरुषच असतात. मुळात पुरुषावरचा हा अत्याचार का होतो? ‘बायल्या आहे’, ‘जास्त शहाणा झालाय’, ‘याची मर्दानगी उतरवू’ म्हणून. ‘बांगड्या भर’ ही शिवी ज्या मातीत उगवते त्याच मातीतले हे पीक. बाईला खालचे मानायचे, आणि मग पुरुषाला अद्दल घडवायची तर त्याला बाईच्या जागी नेऊन ठेवायचे. 2025 च्या फेब्रुवारीत केरळातल्या कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजातले रॅगिंग उघडकीस आले. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गुप्तांगावर डंबेल्स ठेवल्याचे आरोप सगळ्यांनी बातम्यांत पाहिले. त्याला ‘मुलांची मस्ती’ म्हणणारे आणि बाईच्या बलात्काराला ‘तिचे कपडे’ म्हणणारे बहुधा एकाच कट्ट्यावर भेटतील.

बायकोचा मार खाणाऱ्या पुरुषाचे काय, असेही विचारतात. असे पुरुष आहेत, मी टाके घातले आहेत. पण तिथे कायद्याची स्थिती वेगळी आहे. मारहाणीची, धमकीची, गंभीर दुखापतीची कलमे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहेत. वृद्ध वडिलांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. तिथे अडचण तक्रार करण्याच्या लाजेची आणि ती ऐकून हसणाऱ्या पोलिसाची आहे, ती कलम वाढवून सुटणार नाही. लैंगिक अत्याचारात मात्र कलमच नाही. हे दोन प्रश्न एका पिशवीत कोंबून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याविरुद्ध गळा काढणे मला मान्य नाही.

स्त्री संघटनांची भीतीही समजून घेण्यासारखी आहे. गुन्हा सर्वस्वी ‘लिंगनिरपेक्ष’ केला तर बलात्काराचा आरोपी उलट त्या बाईवरच तशीच तक्रार ठोकेल. ही भीती काल्पनिक नाही. क्रॉस केसचा खेळ आपल्याकडे रोज चालतो. पण त्यावर तोडगा आहे. कलम 63 ला हात न लावता, संमतीशिवाय प्रौढ पुरुष किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर केलेल्या लैंगिक हल्ल्याचा स्वतंत्र गुन्हा करावा. दखलपात्र, बलात्काराच्या तोडीची शिक्षा असलेला, पीडिताची ओळख गुप्त ठेवणारा, आणि 397 च्या उपचारयादीत असलेला. त्यात ‘निसर्गनियम’ हा शब्द नको, कसोटी फक्त संमतीची. जुने 377 जसेच्या तसे परत आणा म्हणणाऱ्यांना मी विरोध करीन, कारण त्या दारातून खंडणीवाले आधी आत येतील. इंग्लंडने पुरुषावरचा बलात्कार 1994 मध्येच कायद्यात मान्य केला. त्यामुळे तिथल्या बायकांचे संरक्षण गेले असे कोणी म्हणत नाही.

कायदा बदलेपर्यंत आपल्याकडे जे आहे ते वापरायचे. तुमच्यावर किंवा ओळखीतल्या कोणावर असे घडले असेल तर पहिले 72 तास महत्त्वाचे. एचआयव्ही टाळणारी 28 दिवसांची औषधे याच काळात सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितके चांगले. जिल्हा रुग्णालयात आणि एआरटी केंद्रात ती मिळतात. हिपॅटायटिस बी ची लस, सिफिलिस-गनोरियासाठी तपासणी व औषधे, जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन. शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नका, कपडे धुवू नका, प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा. डॉक्टरला ‘पडलो’ सांगू नका. जे झाले ते सांगा, आणि एमएलसीच्या कागदावर ते तुमच्या शब्दांत लिहिले आहे का ते वाचून मगच सही करा. पोलिसांना द्यायच्या तक्रारीत कोंडणे, धमकी, टोळीने येणे, पळवून नेणे, चित्रीकरण करणे यातले जे जे घडले ते सगळे लिहा, कारण दखलपात्र कलम तिथूनच लागेल. कॉलेजात घडले असेल तर महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा मुलांनाही लागू आहे. बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस, 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, ‘मूळव्याध’ सांगणाऱ्या तरुणाला तपासण्याआधी दार लावा, कंपाउंडरला बाहेर पाठवा आणि सरळ विचारा: ‘कोणी जबरदस्ती केली होती का?’